इटलीचे पर्यटन आणि अन्नसंस्कृतीचा शोध : उल्हासनगरच्या अंगणातून एक विवेचन

प्रस्तावना

पर्यटन हा विषय आपल्या महाविद्यालयांत वाणिज्य व भूगोल या विभागांच्या वाट्याला आला आणि आहार हा गृहविज्ञानाच्या. परिणामी प्रवासी परमुलखात जाऊन काय खातो, काय खाण्याचे टाळतो आणि त्या खाण्या-न खाण्यातून त्याला त्या समाजाचे कितपत ज्ञान होते, हा प्रश्न कोणत्याच विभागाचा राहिला नाही. वास्तविक एखाद्या देशाची भाषा न जाणणाऱ्या व तेथे आठ-दहा दिवसच राहणाऱ्या माणसाला त्या संस्कृतीत शिरण्याचे जे एक दार सहज उघडे असते, ते स्वयंपाकघराचे होय. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुटीत युरोपची सहल करणाऱ्या प्राध्यापकांची संख्या गेल्या दोन-अडीच दशकांत लक्षणीय वाढली आहे. रोम, फ्लॉरेन्स, पिसा व व्हेनिस ही नावे आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांतूनही परिचयाची झाली आहेत. प्रस्तुत लेखात इटलीच्या अन्नसंस्कृतीचे स्वरूप, मराठी प्रवाशाला तेथे येणाऱ्या अडचणी आणि त्या निमित्ताने आपल्या शहराच्या स्वयंपाकघराविषयी उपस्थित होणारा एक प्रश्न यांचा विचार करावयाचा आहे.

मराठी मनातील इटली

मराठी वाचकाला इटली प्रथम भेटली ती राजकारणातून. सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लवकरच सरकारच्या रोषास पात्र ठरला. त्या पिढीच्या दृष्टीने इटली म्हणजे परकीय सत्ता झुगारून एक झालेले राष्ट्र. तेथील माणसे काय जेवतात, याची चौकशी करण्याचे त्या काळी कोणाला कारण नव्हते. बालशिक्षणाच्या क्षेत्रात मारिया माँटेसरी यांच्या विचारांमुळे इटलीचा दुसरा परिचय झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ती पद्धती ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी ज्या रीतीने वळवून घेतली, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तिसरा परिचय मात्र प्रत्यक्ष पायांनी झाला आणि तो रक्ताने माखलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीच्या भूमीवर लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना तोच सन्मान ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दाखविलेल्या शौर्याबद्दल मिळाला. उंब्रिया प्रांतातील मोंतोने या गावी २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले असून त्यात एक सूर्यघड्याळ आहे. सहलीच्या आखीव मार्गात हे गाव सहसा येत नाही. रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने थोडी वाट वाकडी करून तेथे जावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी पुढे निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, हा योगायोग येथे नोंदवून ठेवू. अलीकडच्या काळात मीना प्रभु यांच्या ‘रोमराज्य’ या ग्रंथाने इटलीचे सविस्तर दर्शन मराठीत आणले. तरीही अन्नाच्या बाबतीत आपली सर्वसाधारण समजूत पिझ्झा आणि पास्ता या दोन शब्दांपलीकडे फारशी गेलेली नाही.

एक देश, अनेक चुली

‘इटालियन जेवण’ असे एकसंध काही असते, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. इटली हे राष्ट्र १८६१ मध्ये अस्तित्वात आले. त्यापूर्वी शतकानुशतके तेथे स्वतंत्र राज्ये, नगरे व पोपची सत्ता होती. प्रत्येकाची बोली वेगळी आणि चूलही वेगळी. उत्तरेकडे पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो, म्हणून मिलानमध्ये रिसोट्टो. ज्या आर्बोरिओ तांदळाचे नाव आपण दुकानात वाचतो, ते व्हर्चेल्ली परगण्यातील एका गावाचे नाव आहे. डोंगराळ उत्तर भागात मक्याच्या पिठाचा घाटा, म्हणजे पोलेंता. उत्तरेत लोणी अधिक, दक्षिणेत ऑलिव्हचे तेल अधिक. कोकणातला नारळ, देशावरचे शेंगदाणे आणि विदर्भातली जवस यांवरून आपण जसा माणसाचा मुलूख ओळखतो, तसाच हा प्रकार.

या विखुरलेल्या चुलींना एका ग्रंथात आणण्याचे श्रेय पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्याकडे जाते. त्यांचे पाककृतींचे पुस्तक १८९१ मध्ये निघाले. प्रकाशक न मिळाल्याने त्यांनी ते स्वखर्चाने छापले. पुढे आवृत्तीगणिक पाककृतींची भर पडत गेली आणि नवशिक्षित मध्यमवर्गाच्या घरोघरी ते पोहोचले. एका अर्थाने राष्ट्राची समान भाषा घडविण्यासही त्याने हातभार लावला. मराठीत १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने नवविवाहित मध्यमवर्गीय गृहिणीसाठी जे केले, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक असा की आर्तुसी यांच्या पुस्तकाचा विचार इटलीत राष्ट्रीय इतिहासाचे साधन म्हणून केला जातो. आपल्या पाकपुस्तकांकडे त्या दृष्टीने पाहण्यास आपण अद्याप पुरेशी सुरुवात केलेली नाही.

पीठ आणि हात

महाराष्ट्रातील शहरांत, उल्हासनगर धरून, पास्त्याचे वर्गीकरण रंगावरून होते : लाल सॉसचा, पांढऱ्या सॉसचा आणि दोन्ही मिसळून गुलाबी. इटलीत ही विभागणी कोणाला समजणार नाही. तेथे पास्ता ओळखला जातो तो आकारावरून व गावावरून, आणि कोणत्या आकाराला कोणता रस्सा चिकटेल याचे संकेत ठरलेले असतात. पोकळ नळीत घट्ट रस्सा शिरतो, लांब सुताला तेलकट पातळ रस पुरतो, खोलगट वाटीत भाजीचा तुकडा बसतो. आकार हा शोभेसाठी नसून उपयोगासाठी असतो.

पीठाचाही नियम आहे. सुका पास्ता कठीण दुरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असा इटलीचा १९६७ चा कायदा सांगतो. हा दुरम गहू आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रातील बन्सी गहू याच जातीचा. तसेच तोस्काना प्रांताच्या गार्फान्याना खोऱ्यात ज्या ‘फार्रो’ धान्याचे सूप अभिमानाने वाढतात, ते म्हणजे आपला खपली गहू. आपल्याकडे खीर आणि पुरणपोळीसाठी जपलेले धान्य तेथे कडधान्याबरोबर शिजते, एवढेच.

सर्वांत लक्षणीय साम्य हाताच्या कामात आहे. बारी या दक्षिणेकडील बंदराच्या जुन्या वस्तीत बायका दारासमोर पाट मांडून बसतात. कणकेची वळी करून सुरीने तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की कानाच्या पाळीसारखा ‘ओरेक्केत्ते’ तयार होतो. जाळीच्या ताटांवर ते उन्हात वाळत असतात. ज्याने आपल्याकडे लग्नघरी गव्हले, मालत्या, नखुल्या वळताना पाहिल्या आहेत, त्याला या दृश्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. नखुली नखाने वळते, ओरेक्केत्ते अंगठ्याने. विदर्भातील सरगुंडे काडीभोवती कणीक गुंडाळून करतात. सिसिली आणि कालाब्रियातही बारीक सळईभोवती पीठ गुंडाळून पास्ता करण्याची रीत आहे. एकाने दुसऱ्याकडून ही कला घेतली असे येथे सुचवायचे नाही. गहू, कडक ऊन आणि साठवणीची गरज जेथे एकत्र येतात, तेथे बायकांच्या बोटांना सारखेच उपाय सुचतात, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र बारीच्या त्या गल्लीत जगभरचे पर्यटक छायाचित्रे घेण्यासाठी जातात आणि आपल्या गव्हल्या आता बहुतेक रुखवतात मांडण्यापुरत्या उरल्या आहेत, हे अंतरही दिसल्याशिवाय राहत नाही.

शाकाहारी प्रवाशाची अडचण

महाराष्ट्रातून जाणाऱ्या समूहसहलींच्या जाहिरातीत ‘भारतीय जेवणाची सोय’ हे वाक्य ठळक असते. काही सहलींबरोबर आचारीही जातात. या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. आयुष्यात प्रथमच परदेशी निघालेले सत्तरीचे जोडपे, मधुमेह, चातुर्मासाचे नियम, घराण्यात कधी न शिजलेले मांस, या सर्व खऱ्या गोष्टी आहेत. तथापि दहा दिवसांत त्या देशाचा एकही घास न घेता परतणे म्हणजे ग्रंथालयात जाऊन केवळ इमारत पाहून येण्यासारखे आहे. मधला मार्ग निघू शकतो. त्यासाठी थोडी माहिती मात्र असावी लागते.

पहिली अडचण चीजची. पार्मिजानो रेज्जानो या सुप्रसिद्ध चीजच्या नियमावलीनुसार त्यात दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट एवढेच घटक चालतात. पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचे रेनेट वापरतात. त्यामुळे वरून भुरभुरवलेले चीज कडक शाकाहाऱ्याला चालणारे नाही; भाजीचा पास्ता मागवतानाही ते घालू नये असे सांगावे लागते. हिरवागार पेस्तो दिसायला कोथिंबिरीच्या चटणीसारखा असला, तरी त्यातही हीच चीज असतात. मिलानचा केशरी रिसोट्टो पारंपरिक रीतीने मांसाच्या रसात शिजतो. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपमध्ये डुकराच्या चरबीचा तुकडा असू शकतो. पान्ना कोत्ता या दुधाच्या गोडात जिलेटिन असते, आणि तिरामिसूत अंडे. ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे ‘मांसाविना’ एवढे दोन शब्द पाठ करून भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या मनात मांस म्हणजे मांसाचा तुकडा. रस, चरबी वा रेनेट त्याच्या हिशेबात येत नाही. त्याची फसविण्याची इच्छा नसते. ‘वेज’ या आपल्या शब्दामागे जो धर्मविचार उभा आहे, तो त्याच्या शब्दात नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दक्षिण इटलीतील गरीब शेतकऱ्याचे रोजचे अन्न मुख्यतः धान्य, कडधान्य व भाज्या हेच होते, कारण मांस परवडत नव्हते. या दारिद्र्याने शाकाहारी प्रवाशासाठी मोठा ठेवा मागे ठेवला आहे. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा चीजविना असतो : टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल. जेनोआची ‘फारिनाता’ म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल व मीठ यांचा भट्टीत भाजलेला जाड पोळा. डाळीच्या पिठाची धिरडी खाल्लेल्या माणसाला पहिल्याच घासाला ओळख पटते. पालेर्मोच्या रस्त्यावर मिळणारी ‘पानेल्ले’ ही शिजवून थापलेल्या हरभरा पिठाची तळलेली वडी पावात घालून देतात. तिला पाटवडीची बहीण आणि वडापावाची चुलतबहीण म्हणावयास हरकत नाही. वांग्याची आंबटगोड ‘कापोनाता’, तोस्कानाचे पाव व पालेभाज्यांचे ‘रिबोल्लिता’, चणे घातलेला पास्ता हे पदार्थ विचारपूस करून निर्धास्त घेता येतात. पास्ता आपल्याला कच्चा वाटतो. तो दाताला लागेल इतकाच शिजवणे ही तेथील रीत आहे, स्वयंपाक्याचा निष्काळजीपणा नव्हे.

वेळांचे भान ठेवणेही आवश्यक आहे. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर असा भोजनाचा काळ असतो. मधल्या वेळी अनेक स्वयंपाकघरे बंद राहतात. पुण्याच्या दुपारची सवय असलेल्या मराठी माणसाने यावर आश्चर्य व्यक्त करू नये. कॉफी उभ्याने प्यायल्यास स्वस्त आणि बसून प्यायल्यास महाग पडते. बिलात पाव व बैठकीचा म्हणून ‘कोपेर्तो’ नावाचा आकार असतो, ती फसवणूक नसते. पिण्याच्या पाण्याची बाटली विकत घेण्यापूर्वी रोमच्या रस्त्यांवरील ‘नासोनी’ या सार्वजनिक नळांकडे पाहावे. आपल्या पाणपोया आठवतात. आणि १५ ऑगस्टला, आपल्या स्वातंत्र्यदिनीच, तेथे ‘फेर्रागोस्तो’ हा मोठा सण असल्याने पुष्कळ खानावळी बंद असतात.

‘अस्सल’ म्हणजे काय?

प्रवासी शोधतो ते ‘अस्सल’. परंतु इटलीतील अस्सलपणा तपासला असता तो अनेकदा फार जुना निघत नाही. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. इटलीत त्याची नोंद १५४८ मध्ये मिळते आणि टोमॅटोच्या सॉसची छापील कृती नेपल्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस, आंतोनिओ लातिनी यांच्या ग्रंथात आढळते. म्हणजे शिवकालात इटलीची बहुसंख्य जनता टोमॅटोविनाच जेवत होती. रोमची शान समजली जाणारी कार्बोनारा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाकपुस्तकांत सापडत नाही. तिच्या जन्मात अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातील बेकनचा वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तिरामिसू १९७० च्या आसपास त्रेव्हिसो येथे प्रसिद्धीस आले. चाबात्ता हा पाव तर १९८२ सालचा आहे.

मग इटलीने आपले अन्न जगापुढे इतक्या अधिकाराने कसे मांडले? याचे एक उत्तर संस्थात्मक आहे. मूळस्थानाचे संरक्षण देणारे कायदे, उत्पादकांचे संघ, नियमावल्या आणि शेतघरात पाहुणे ठेवण्यासंबंधीचा १९८५ चा कृषिपर्यटन कायदा यांनी खेड्यातल्या चुलीला आर्थिक आधार दिला. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स सुरू होत असताना १९८६ मध्ये निदर्शने झाली, त्यांतून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ वाढली. १० डिसेंबर २०२५ रोजी युनेस्कोने इटालियन पाकसंस्कृतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तो निर्णय नवी दिल्लीत, लाल किल्ल्यातील बैठकीत झाला आणि त्याच बैठकीत आपल्या दीपावलीलाही ते स्थान मिळाले. येथे एक तपशील विसरला जाऊ नये. पो नदीच्या खोऱ्यात ज्या गाईंच्या दुधापासून पार्मिजानो होते, त्या गाईंची निगा राखणाऱ्यांत पंजाबी शीख मजुरांची संख्या मोठी आहे. नोव्हेल्लारा येथे २००० साली त्यांचा भव्य गुरुद्वारा उभा राहिला. परंपरेचे नाव इटालियन, नियम इटालियन, पण पहाटे गोठ्यात उभे असणारे हात पुष्कळदा आपल्याकडचे.

कॅम्पातील मॅकरोनी

हे विवेचन उल्हासनगरात बसून लिहिण्याला एक कारण आहे. या शहराच्या नावाची आद्याक्षरे आणि ‘मेड इन यूएसए’ यांवरचा विनोद सर्वांना पाठ आहे. नकलेचे गाव म्हणून ज्याची ख्याती, त्या गावाला अस्सल अन्नसंस्कृती कोठून असणार, असे बाहेरच्यांना वाटते, आणि खेदाची बाब अशी की आपल्यापैकी अनेकांनाही तसेच वाटते. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी बांधव बराकींतून येथे राहू लागले. त्यांच्याजवळ शेत नव्हते, नदी सिंधू नव्हती, गावची माती नव्हती. राहिली ती हाताची सवय. दाल-पकवान, साई भाजी, दह्याऐवजी चिंचेने आंबट होणारी व भाजलेल्या बेसनाची कढी, कोकी, कमळकाकडीची म्हणजे ‘भी’ची भाजी, आणि गोड शेवयांबरोबर तळलेले बटाटे वाढणारे ‘सेयूं पटाटा’. इटलीत अन्न गावच्या मातीशी बांधलेले आहे. येथे ते मातीपासून तुटूनही टिकले. संरक्षक कायद्यांच्या भाषेत या दुसऱ्या प्रकाराला नाव नाही. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळू शकले, कारण ते झाड बदलापुरात उभे आहे. दाल-पकवानाचे मूळस्थान कोणते लिहावे, सिंध की कॅम्प?

याच सिंधी घरांत मॅकरोनी-बटाट्याची रस्साभाजी होते. कांदा-टोमॅटोच्या वाटणात, धने-हळद घालून, मॅकरोनी आपल्या मते चांगली शिजेपर्यंत. इटलीचा स्वयंपाकी ती पाहून कपाळाला हात लावील. परंतु बेकन आणि अंड्याची कार्बोनारा जर दोन-तीन पिढ्यांत रोमची ठरू शकते, तर ही भाजी उल्हासनगरची का ठरू नये? ती आपल्या स्वयंपाकात नेमकी केव्हा आली, सिंधमध्येच की येथे बराकीत, कोणत्या दुकानातून, कोणाच्या हाताने, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. १९४७ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कॅम्प ४ मध्ये सिंधी वस्ती व मराठा सेक्शन एकमेकांना लागून आहेत. दोन्हीकडच्या घरांतून कोणते पदार्थ भिंत ओलांडून गेले, सिंधी घरात पुरणपोळी केव्हा होऊ लागली आणि मराठी घरात साई भाजी, याची नोंद आपल्या इतिहास, समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी एकत्रितपणे घेतली, तर पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी दूर जावे लागणार नाही. साधने फारशी लागत नाहीत : ध्वनिमुद्रण करणारा एक मोबाइल, सिंधी समजणारा एक विद्यार्थी आणि रविवारची सकाळ, कारण दाल-पकवान त्याच वेळी होते.